बिल्ला नंबर एकसष्ट

अनुपमाबाई चौथ्यांदा आल्या तेव्हा सत्यभामाबाईंनी चहात साखर मुद्दाम कमी घातली. पहिल्या खेपेला पाहुणीला गोड चहा, दुसऱ्या खेपेलाही गोड. पण जी बाई काही काम नसताना चौथ्यांदा उंबरा चढते, तिच्या मनात काय आहे ते कळेपर्यंत साखर जपूनच वापरलेली बरी. अनुपमाबाईंनी तो चहा "छान झालाय" म्हणत संपवला. मग तर संशय आणखीच बळावला. एवढा फिका चहा जी छान म्हणते, ती पुढं काय मागेल कोणास ठाऊक.

या अनुपमाबाई खामगावच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. पिंपळगाव राजा या गावातलं जुनं जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, पाडलं त्याला आठ वर्षं झाली होती. जेसीबीनं तीन दिवसांत शंभर वर्षांच्या भिंती लोळवल्या, पत्रे भंगारात गेले, धुरांडं पडलं तेव्हा शाळा अर्धा तास बंद ठेवली होती. आता तिथं प्लॉटांचा लेआउट होता, पांढऱ्या दगडांनी आखलेला, आणि त्यात अजून तरी बकऱ्याच चरत होत्या. मागच्या बाजूची कामगारांची चाळ आणि पुढचं काटाघर एवढंच उभं राहिलं होतं. कापसाच्या गाड्या जिथं मोजायच्या त्या काटाघरात बाईंना जिनची आठवण मांडायची होती. जुने फोटो, बिल्ले, सरकीची टोपली, आणि माणसांच्या तोंडून ऐकलेलं. ग्रामपंचायतीनं किल्लीसुद्धा दिली होती.

चाळीतले लोक म्हणायचे, ही लेआउटवाल्यांचीच बाई आहे, गोड बोलून खोल्या मोजून नेईल. सत्यभामाबाई त्यात हो ला हो मिळवायच्या. लोकांचा संशय त्यांच्या पथ्यावरच पडत होता. त्यांची स्वतःची भीती मात्र निराळी होती. चाळ गेली असती तरी त्यांनी दुसरीकडं चूल मांडली असती.

"तुमच्या सवतीबद्दल काही सांगा ना," अनुपमाबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल चटईवर ठेवला होता, काच वर करून.

"मी कसाले पाह्यलं तिले? ती जळाली, अन् मंग मी आली."

"भगवंतराव बोलत असतील की कधी पहिल्या बायकोविषयी."

"नव्हते बोलत. गेलेल्या मानसाचं काय बोलाचं?"

"दिसायला कशी होती, स्वभाव कसा होता, एवढं तरी?"

सत्यभामाबाईंनी बाईंच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. हा प्रश्न ही मागच्या वेळीही विचारून गेली होती. एकच गोष्ट दोनदा विचारणारा माणूस एक तर बहिरा असतो, नाही तर पोलीस. बाई बहिऱ्या तर नव्हत्या.

"चारचौघींसारखी असन," त्या म्हणाल्या आणि कपबशी उचलून आत गेल्या.

आता वाचणाऱ्यापासून काय लपवायचं? सवत वगैरे कोणी नव्हतीच. जळालेली रुखमाबाई म्हणून कागदावर जिचं नाव होतं ती रुखमाबाई म्हणजे याच, चुलीपुढं बसून कपबशी विसळणाऱ्या.

झालं होतं असं. जिनमध्ये दर हंगामाला बायांना पितळेचे बिल्ले मिळायचे. बिल्ल्यावर नंबर, हजेरीच्या वहीत त्या नंबरापुढं नाव. बाई आठवडाभर आली नाही की बिल्ला दुसरीला. म्हणून आजारी पडलेली बाई आपला बिल्ला बहिणीला द्यायची, बाळंतीण जावेला द्यायची, आणि ती जाऊ त्या नावानं हजेरीला "हजर" म्हणायची. निम्म्याअधिक बाया दुसरीच्याच नावानं राबत होत्या. मुकादमाला माहीत होतं, शेठच्या मुनीमालाही असावं. काम अडत नव्हतं, म्हणून कोणी तोंड उघडत नव्हतं.

एकसष्ट नंबरचा बिल्ला रुखमाचा होता. मूळची ही माणसं सोनाळ्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची, हंगामापुरती इकडं यायची. एकोणीसशे ऐंशीच्या दिवाळीत रुखमा बाळंतपणाला सोनाळ्याला गेली आणि बिल्ला जाऊ नये म्हणून तिची नणंद सिंधू तो लावून कामावर उभी राहिली. सिंधूला सोळावं सरत होतं. सरकी काढणाऱ्या यंत्राला रेचा म्हणत, त्यातल्या शेवटच्या रेच्यावर तिला लावलं. पौषात कापसातून एक खिळा रेच्यात गेला, ठिणगी उडाली आणि रुईनं, सरकी काढलेल्या कापसानं, पेट घेतला. मागच्या दाराला बाहेरून कडी होती. बाया ओटीत कापूस घालून नेतील, हा शेठला संशय. पुढच्या दारानं सगळ्या निघाल्या, एक राहिली. ओळखायला पितळेचा बिल्ला तेवढा शिल्लक होता. वहीत पाहिलं, एकसष्ट: रुखमाबाई भगवंतराव.

मुकादम सोनाळ्याला जाऊन सासऱ्याला म्हणाला, पोरीचं नाव सांगाल तर कंपनी म्हणेल की अशी कोणी आमच्याकडं नव्हतीच, आणि खोट्या हजेरीची केस वर. बाई रुखमाच गेली म्हणाल तर भगवंतरावाला चौकीदाराची पक्की नोकरी, चाळीत खोली. सासऱ्यानं दोन दिवस विचार केला. गावात सांगितलं, सिंधूचं लग्न तिकडंच उरकलं, दूर दिली. रुखमाला माहेर म्हणून एक आंधळी आजी होती, ती त्याच वर्षी गेली. मग सासूनं लग्नातल्यासारखं ताट घेतलं, त्यात तांदूळ पसरले. लग्नात नवऱ्यानं अंगठीनं त्यात रुखमा लिहिलं होतं. आता सासऱ्यानं बोटानं सत्यभामा लिहिलं आणि ते तांदूळ संध्याकाळी शिजवून सगळे जेवले. फाल्गुनात ती चाळीत आली, भगवंतरावाची दुसरी बायको म्हणून, कडेवर पहिलीचं पोर घेऊन. जिनमधल्या बायांनी तिला पाहिलं आणि एकीनंही भुवई उचलली नाही. प्रत्येकीच्या पदराखाली कोणाचा तरी बिल्ला होता.

ते कडेवरचं पोर म्हणजे हरिओम. तिनं जन्म दिलेला, तिचंच दूध पिऊन वाढलेला, आणि तरी तिला मावशी म्हणणारा. लहानपणी सांगितलं असतं तर चाळभर बोलला असता. मोठा झाल्यावर सांगू, असं नवरा म्हणे. मोठा झाला, त्याचं लग्न झालं, भाजीचा धंदा लागला, नवरा गेला. सांगायचं राहूनच गेलं. पितृपक्षातल्या नवमीला ती रुखमाबाईच्या नावानं स्वयंपाक करायची, हरिओम पान वाढून गच्चीवर ठेवायचा आणि कावळा शिवेपर्यंत हात जोडून उभा राहायचा. पहिल्या वर्षी तिला हसू आलं होतं. नंतरच्या वर्षांत रडू यायचं, तेही थांबलं. चाळीतल्या बाया म्हणायच्या, सावत्र असून किती जीव लावते बघा.

म्हणून ती अनुपमाबाईला भीत होती. कागद आणि माणसं शेजारी शेजारी ठेवणारी ही पहिलीच बाई गावात आली होती. उद्या हिनं हरिओमच्या कानावर घातलं की तुझी माय जिवंत आहे, तुझ्याच घरात भाकरी थापते, चव्वेचाळीस वर्षं तोंड शिवून बसली आहे, तर तो काय म्हणेल? निदान मावशी तरी म्हणतो. तेवढंही गेलं तर मग तिचं काय उरलं?

खरं जाणणारं एकच माणूस आता गावात होतं. अंबूबाई, सिंधूच्या शेजारच्या रेच्यावरची. आगीत तिचा डावा हात भाजला होता. सत्यभामाबाई दुसऱ्याच दिवशी तिच्याकडं गेल्या. अंबूबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"ते कॉलेजवाली आलती का तुयाकडं?"

"आलती न. लय चांगली बाई हाय. मले बिस्किटाचा पुडा देल्ला."

"काय इचारलं तिनं?"

"एकसष्ट नंबर कोनाचा, म्हने."

सत्यभामाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. त्या ओट्यावरच टेकल्या. "अन् तू काय सांगतलं?"

"रुखमाचा म्हनलं. खोटं थोडंच हाय?" अंबूबाई हसली. "तूच तं हाय रुखमा."

"हळू बोल. हे बी सांगतलं का?"

"नाही व. काऊन सांगू?"

पण अंबूबाई बोलघेवडी, तिच्या नाहीवर किती भरवसा ठेवायचा? बिस्किटाच्या पुड्याला जी चांगली म्हणते ती साडीला काय काय सांगून बसेल. सत्यभामाबाईंनी तिचा भाजका हात धरला.

"गोकुळची आन घे. कोनीबी इचारो, हरिओम इचारो का कलेक्टर, रुखमा जळाली एवढंच सांगशीन."

गोकुळ हा अंबूबाईचा एकुलता एक मुलगा. अकोल्याच्या रस्त्यावर टेम्पो चालवायचा. त्याच्या नावानं शपथ म्हणताच अंबूबाईचा चेहरा उतरला. तिनं हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.

"एवढा भरवसा नाही का माह्यावर?"

"नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या.

अंबूबाईनं गोकुळची शपथ घेतली. पण त्यानंतर तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सत्यभामाबाईंना ते लागलं, पण जीव जरा थाऱ्यावर आला होता. एक भोक बुजवलं होतं.

चार दिवसांनी त्यांना दुसरं भोक दिसलं, आणि ते त्यांच्याच घरात होतं. आठवडी बाजारात हरिओमच्या दुकानासमोर अनुपमाबाईंची स्कूटी उभी होती. बाई भाजी घेत नव्हत्या. दोघं एका कागदावर डोकं घालून बसले होते. मावशी येताना दिसली तसा हरिओमनं कागद वांग्याच्या टोपलीखाली सरकवला आणि उगाच एका गिऱ्हाईकाला भाव सांगू लागला. गिऱ्हाईक नव्हतंच तिथं.

घरी येऊन त्यांनी सुनेला गाठलं. "रूपाली, त्या बाईचं अन् हरिओमचं काय चालू हाय?"

"काई नाही, मावशी." रूपाली मान वर न करता कणीक मळत राहिली.

"बाबाची पेटी कोनं उघडली? कुलूप उलटं लागेल हाय."

"त्याहीनंच उघडली असन. आधार कार्ड पाह्यत होते."

मेलेल्या माणसाच्या पेटीत जिवंत माणसाचं आधार कार्ड कशाला असेल? सत्यभामाबाईंनी कुलूप सुलटं करून लावलं. आता त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं. बाईला कोणी लेआउटवाल्यानं पाठवलं नव्हतं, हरिओमनंच बोलावलं होतं. त्याला कळलं होतं. तो पुरावे गोळा करत होता, आणि एक दिवस सगळे कागद पुढ्यात टाकून विचारणार होता. त्या दिवसापासून तो "मावशी, जेवली का?" म्हणाला तरी त्यांना त्यात खोच वाटायची. चहा दिला की तो बशीत ओतण्याआधी त्यांच्याकडं का पाहतो, दुकानातून लवकर का येतो, फोन आला की ओट्यावर का जातो, सगळ्याचा त्या अर्थ लावत बसायच्या. स्वतःच्या पोराकडं चोरासारखं पाहायची वेळ आली, याची त्यांना मनातून लाज वाटत होती. पण पाहणं सुटत नव्हतं.

रविवारी दुपारी हरिओम आला तो हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मागोमाग अनुपमाबाई. रूपालीनं चटई अंथरली, घरात कसलीतरी गडबड होती, आणि सत्यभामाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आला तो दिवस, असं त्यांच्या मनात आलं. आश्चर्य म्हणजे थोडं हलकंही वाटलं.

"मावशी, तुले राग येईन म्हनून लपवून ठेवलं," हरिओम म्हणाला. "सवतीचं काई काढलं का तू आत उठून जाते. पन मले लय वर्षांपासून वाटे, का मायचं तोंड कसं असन. एक फोटो नाही घरात. मीच या मॅडमले म्हनलं, जिनचं जुनं काई सापडलं तं पाहा."

त्यानं फडकं सोडलं. फ्रेम केलेला मोठा फोटो. हंगामातली हजारावी गठाण, म्हणजे कापसाची गासडी, बांधली की शेठ पेढे वाटायचा आणि बायांना गठाणीपुढं उभं करून फोटो काढायचा. मॅनेजरच्या नातवाकडं तो अल्बम निघाला होता. त्यातला एकच चेहरा कापून मोठा केला होता. छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर स्पष्ट एकसष्ट.

"हजेरीची वही मिळाली, नंबर जुळवला," अनुपमाबाई म्हणाल्या. "आगीच्या तीन आठवडे आधीचा फोटो आहे. उद्घाटनाच्या दिवशी काटाघरात हा मधोमध लावायचा."

"नाक पाह्य न, मावशी. माह्यासारखंच हाय."

नाक त्याच्यासारखंच होतं. आत्याचं नाक भाच्याला आलं होतं. सिंधू हसत होती. रुखमाचं हिरवं लुगडं नेसली होती, चोळी ढगळ झाली म्हणून खांद्यावर टाचणी लावली होती. सत्यभामाबाईंनी चव्वेचाळीस वर्षांत हा चेहरा पाहिला नव्हता. एवढं लेकरू होतं ते, हे त्या विसरून गेल्या होत्या.

गप्प बसल्या असत्या तर सगळं निभलं असतं. बाईला काहीच कळलं नव्हतं. पोराला मायचा फोटो मिळाला होता आणि ते आनंदात होतं. ज्याची भीती होती ते काही नव्हतंच.

अनुपमाबाईंनी पुठ्ठ्याची पट्टी काढली, पेन उघडलं. "खाली नाव लिहिते. रुखमाबाई भगवंतराव."

"लिहा," हरिओम म्हणाला.

"नोको लिहू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "हे रुखमा नाही. हे सिंधू हाय, तुही आत्या. माह्या बिल्ल्यावर गेलती कामाले. रुखमा मी हाय, बाबू. तुही माय मीच हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं, सोनाळ्यापासून तांदळाच्या ताटापर्यंत, उभ्याउभ्याच. हरिओम ऐकत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर जे हळूहळू येत गेलं ते त्यांना ओळखीचं होतं. गेले पंधरा दिवस त्या स्वतः त्याच्याकडं तसंच पाहत होत्या.

"फोटो लागला तेव्हाच तुले हे काऊन आठवलं?" तो म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षं नाही आठवलं. मेल्या मानसावर बी जळते का तू, मावशी?"

"मी काऊन जळू? माह्याच वर?"

"कागद दाखव एखांदा."

कागद सगळे सत्यभामाचे होते. रेशनकार्ड, मतदानाचं, नवऱ्याच्या पेटीतलं जिनचं पत्र, ज्यात मयत पत्नी रुखमाबाई असं टाइप केलं होतं. सांगायला सासू-सासरे नव्हते, नवरा नव्हता, मुकादम नव्हता, सोनाळ्यातही ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

"अंबूबाईले इचार," त्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि निघताच त्यांना शपथ आठवली. पण हरिओम तोवर चपला घालून बाहेर पडला होता.

तो येईपर्यंत सत्यभामाबाई दाराकडं तोंड करून चटईवर बसून होत्या. अंबूबाई शपथ मोडेल का? मोडली तर बरं होईल, एवढं एकदा मोड, असं त्या मनात घोकत होत्या. पण गोकुळचा टेम्पो त्या वेळी रस्त्यावर असणार, हेही त्यांना माहीत होतं. तिच्या जागी त्या स्वतः असत्या तर त्यांनीही मोडली नसती.

हरिओम परत आला. रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. तो त्यांच्या शेजारी खाली बसला.

"अंबूबाई रडली," तो म्हणाला. "पन सांगतलं तिनं. रुखमा जळाली, म्हने. तीनदा इचारलं, तीनदा तेच." त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मावशी, उद्या आपन खामगावले डॉक्टरकडं जाऊ. वय झालं का होते असं कोनालेबी. मी तुले बोललो ते मनावर घेऊ नोको."

रूपालीनं पाण्याचा पेला आणून दिला. सत्यभामाबाई प्यायल्या. पोरगा त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होता, आणि त्या आवाजात माया होती, खरीखुरी. त्यांनी आयुष्यभर जपलेली ती हीच. त्यांना खूप रडायचं होतं, पण आता रडलं तरी त्याचा अर्थ डॉक्टरच लावणार.

हरिओमनं फ्रेम भिंतीशी उभी केली. "पाया पड तिच्या, मावशी. सवत असली तरी. मन हलकं होईन."

सत्यभामाबाई वाकल्या. घरच्या लेकीच्या पाया भावजयीनं पडायचंच असतं, पण सिंधू तेव्हा पाय मागं ओढून पळायची. आता ती पळाली नाही. त्यांनी काचेवरून तिच्या खांद्यावरच्या टाचणीला हात लावला आणि तो हात बराच वेळ तिथंच ठेवला. हरिओमला बरं वाटलं. तो बाहेर खिळा-हातोडी शोधायला गेला.

अनुपमाबाई पुठ्ठ्याची कोरी पट्टी हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग पेनाचं टोपण लावलं. "बाई," त्या हळूच म्हणाल्या, "सिंधू किती वर्षांची होती?"

सत्यभामाबाईंनी बाईंकडं पाहिलं. त्या प्रश्नात काय दडलं असेल ते शोधायची सवय होती, पण आता शोधायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं.

"सोळा," त्या म्हणाल्या. "संक्रांतीनंतर सतरावं लागाचं होतं. माह्याच बिल्ल्यावर उभी होती ते."